झाकलेले आरसे

आमच्या ओकाला गावात एर्लीन प्रुइटच्या हाताखालून डोकं गेलं नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. आयुष्यभर केस कापले तिने आणि आयुष्यभर बोलली. हात लावल्याशिवाय तिला माया करताच यायची नाही. समोरच्याची कॉलर सारखी करील, गालावरचं कुसळ काढील, घास भरवील. मी शेजारीण, मला सवय होती. तिच्या लेकीला, डार्सीला नव्हती.

डार्सीने घटस्फोटानंतर स्वतःच कात्रीने केस कापून टाकले आणि तशीच आईकडे आली. दारातच एर्लीन म्हणाली, "अगं बाई, गवत कापायचं यंत्र फिरवलंस की काय?" आणि कंगवा घेऊन तिच्यामागे लागली. त्या दिवशी डार्सी एकच बोलली. "आई, तू माझ्याकडे बघतेस ना, की मला वाटतं माझंच सगळं चुकलंय." मग टॅलाहासीला, ती राहायची त्या शहरी, परत गेली ती फिरकली नाही.

त्याच सुमारास एक गिऱ्हाईक गाव सोडताना एर्लीनच्या गळ्यात आपली रंग बदलणाऱ्या घोयरा सरड्याची मादी मारून गेलं. मेबल तिचं नाव. एर्लीनने तिच्यावर सगळी माया ओतली. खांद्यावर घेऊन हिंडायची. मेबलच्या अंगावर गडद हिरव्यात पिवळेधमक ठिपके उठायचे आणि ही जगाला सांगायची, "बघा, माझी पोरगी किती खूश आहे." शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हे रंग आनंदाचे नाहीत, ही ओरडतेय. खूश असेल तेव्हा साधी फिकी हिरवी दिसेल, आणि सगळ्यात खूश असेल तेव्हा तुम्हाला दिसणारच नाही.

ते ऐकून एर्लीन घरी येऊन रडली. पण ऐकलं हो तिने. काचेची पेटी गेली. मागच्या जाळीच्या व्हरांड्यात, माणसाच्या डोक्याहून उंच, हवा खेळती राहील असा जाळीचा पिंजरा आला, आत जास्वंद आणि मनीप्लांट. वाटीतलं पाणी मेबल पीत नाही, पानावरचे थेंब चाटते, म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा. रातकिडे कॅल्शियमची पूड लावून द्यायचे, देऊन मागे सरायचं. अंगाला हात लावायचा नाही. एर्लीनला हे किती जड गेलं ते मला माहीत आहे, कारण ते सगळे हात माझ्या कॉलरवर आले.

यंदा मेबल अंड्यावर आली. या माद्यांना नर लागत नाही, एकट्याच अंडी धरतात. तिने खाणं सोडलं. एर्लीनने ओल्या वाळूमातीचा डबा ठेवला, मेबल उकरू लागली आणि हिला राहवलं नाही, हळूच डोकावली. मेबल खड्डा अर्धा टाकून वर चढून बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंडी आत अडकली तर ती वाचायची नाही. उकरताना कोणी बघतंय असं वाटलं की ही जात थांबते.

आता एर्लीनच्या घरात तिच्या केस कापायच्या दुकानातले जुने आरसे भिंतभर लावलेले. मेबलचे डोळे चारी दिशांना फिरणारे. आरशातली हालचालही तिला दिसते, म्हणून एर्लीनने एकूण एक आरशावर पांढऱ्या चादरी टाकल्या, फोन बंद केला आणि पुढच्या पायरीवर जाऊन बसली.

आमच्याकडे आरसे झाकतात ते घरात मयत झाल्यावर. समोरच्या नेलने खिडकीतून चादरी पाहिल्या आणि संपलंच. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, नेलची थेट चर्चपर्यंत. दुपार कलायच्या आत अर्ध्या गल्लीच्या बाया मयताच्या घरी न्यायचं जेवण घेऊन हजर. माझ्या हातात मॅकरोनी-चीज, नेलच्या हातात मसाला भरलेली उकडलेली अंडी. एर्लीनने ओठांवर बोट ठेवलं.

"कोण गेलं?" नेलने कुजबुजत विचारलं.

"कोणी नाही. मेबल बाळंत होतेय," एर्लीन म्हणाली, आणि अंड्यांच्या ताटाकडे बघून, "तू मात्र ताट बघून आणलंयस."

हसू दाबून आम्ही हिरवळीवर बसलो आणि गुपचूप जेवलो. चर्चच्या बाया गप्प बसलेल्या मी जन्मात प्रथमच पाहिल्या. बाकीच्या पांगल्या तेव्हा नेलने हळूच सांगितलं, की तिने डार्सीलाही फोन केलाय. आईचं काहीतरी झालंय म्हणून.

तेवढ्यात गाडी आलीच. डार्सी उतरली, चेहरा पांढराफटक. आईला पायरीवर जिवंत बघून ती तिथेच गाडीला टेकली. केस मागच्यापेक्षा वाईट कापलेले, एक बाजू लांब, एक आखूड. मला वाटलं, आता कंगवा निघणार.

एर्लीनने एकदा वर पाहिलं आणि नजर स्वतःच्या हातांवर आणली. दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरले होते. मग सरकून पायरीवर जागा केली. डार्सी बसली. एर्लीनची नजर हातांवरच. मला तर रडूच येत होतं.

"आई," डार्सी म्हणाली. "बघ की गं माझ्याकडे."

मी उठले. मेबलचं बघायला कोणीतरी जायला हवंच होतं. चपला काढून, चादरींमधून वाट काढत व्हरांड्याच्या दाराशी गेले आणि आडूनच पाहिलं. डब्यातला खड्डा बुजवून माती दाबून सपाट केलेली. मेबल वर जास्वंदीवर, पोट खपाटीला गेलेलं, पानावरचं पाणी चाटत होती. रंग अगदी साधा हिरवा.

सांगायला बाहेर आले तर डार्सीचं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि एर्लीनची बोटं त्या वेड्यावाकड्या केसांतून नुसती फिरत होती. नेल तिथेच उभी राहून टक लावून बघत होती. मी तिला दंडाला धरून फाटकाबाहेर काढली.

"बघू नकोस गं," म्हटलं. "थांबतील."