आईच्या कबरीवरचं सोयाबीन

माझ्या आईच्या कबरीवर सोयाबीन येतं, आणि चांगलं येतं. आसपासच्या रानांवर रोग पडतो तेव्हासुद्धा तिथल्या शेंगा भरतात.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडे आमचं खेडं. गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला आम्हा ख्रिस्ती घरांचं कबरस्तान आहे आणि त्याला लागून गावातल्या एका वजनदार शेतकऱ्याचं रान. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. आमच्याकडे बांध कोरणं हा काही फार मोठा गुन्हा मानत नाहीत. पेरणीच्या आधी नांगराचं एखादं तास पलीकडे जातं, शेजारी बोंब ठोकतो, आयामायांचा उद्धार होतो, तास मागे येतं. मेलेली माणसं बोंब ठोकत नाहीत, म्हणून काकांचं तास कधी मागे आलंच नाही.

आणि आम्ही तरी काय शहाणे! आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कबर बांधायची पद्धतच नाही. मातीचा ढीग, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बोराटीचे काटे आणि डोक्याशी लाकडी क्रूस, एवढंच. बाबा मंडळीचे वडीलधारे, शब्द त्यांचा चालायचा. कुणी फरशी बसवायची गोष्ट काढली की म्हणायचे, "ज्याला न्यायाच्या दिवशी उठायचंच हाय, त्याच्या छातीवर दगड कशाला ठेवता?" सगळे माना डोलवायचे. पण काळ्या मातीत ढीग काही पावसाळ्यांत बसून जातो आणि क्रूसाला वाळवी लागते. आईचा क्रूस पडला त्याच वर्षी ट्रॅक्टर तिच्यावरून फिरला. पुढे मोजणीला आलेल्या माणसाने विचारलं, "कबरी कुठंयत? दाखवा की." बाबांनी बोट दाखवलं, तिथे हिरवंगार पीक डुलत होतं. तो माणूस हसला नाही, हे त्याचे उपकार.

मी नांदेडला शाळेत शिकवते, पण ईस्टरला गावी येतेच. त्या पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातो. एका वर्षी नांगरलेल्या ढेकळांत बाबा चपला काढून उभे राहिले आणि अंदाजाने एक मेणबत्ती खोचली. माझं डोकं फिरलं.

"बाबा, तक्रार करा. न्हाईतर त्यांच्या दारात जाऊन भांडा तरी!"

"भांडून काय व्हतंय, माय? देव समदं बघून राहिला."

"हाव, बघूनच राहिला. करून काय राहिला?"

बाबांनी मला गाणं सुरू करायला सांगितलं. मी गायले नाही.

मग काका आजारी पडले. लातूरच्या दवाखान्यात नेलं, जगतात का मरतात अशी गत. मंडळीतल्या बाया कुजबुजल्या, "देवाच्या घरी देर हाय, अंधेर न्हाई." मला हे ऐकून गोड वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या घरून निरोप आला तो बाबांनाच. हे आमच्याकडे जुनंच आहे. एरवी आमच्या घरच्या चहाला नको म्हणणारी माणसंही डॉक्टरने हात टेकले की प्रार्थनेला आम्हाला बोलावतात. बाबा पहिल्या गाडीने गेले, काकांच्या डोक्यावर हात ठेवून घाम फुटेस्तोवर प्रार्थना केली. काका बरे झाले.

"जागेचं काही बोललात का?" मी विचारलं.

"आजाऱ्याच्या उशाशी जमिनीचं बोलतेत का?" बाबा माझ्यावरच रागावले.

त्या वर्षी ट्रॅक्टर आणखी आत आला.

बाबा गेले तेव्हा रानात तूर उभी होती. आईच्या शेजारी निजायचं, एवढीच त्यांची शेवटची इच्छा. काका स्वतः आले, माझ्यापुढे हात जोडले. "उभ्या पिकात खड्डा कसा घ्यावा, माय? तुझा बाप देवमाणूस. कुठंबी ठेवला तरी देव त्येला हुडकून घेईल." मंडळीतली माणसं खाली मान घालून उभी होती. त्यांना त्याच गावात राहायचं होतं. बाबांना दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्या ओलीत पुरलं. काकांनी मूठमाती दिली आणि ढसाढसा रडले. ते रडणं नाटकी असतं तर मला सोसलं असतं. पण ते खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

यंदा काकांचं दुखणं उलटलं. त्यांची सून मला न्यायला आली. "तुमच्या बाबांच्या हाताला लई गुण होता, ताई. आता तुम्हीच करा." नाही म्हणावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण गेले. बाबांची मुलगी म्हणून गेले म्हणाल तर तेही अर्धंच खरं, त्यांना त्या खाटेवर बघायचंही होतं.

काका वाळून काटकी झाले होते. मला बघून त्यांनी आपणहून मान पुढे केली. सून, मुलगा डोळे मिटून उभे. मी डोक्यावर हात ठेवला.

"प्रभू," मी मोठ्याने म्हणाले, "तू न्याय करतोस यावर बाबांचा विश्वास होता. माझाही आहे, मोडकातोडका. या माणसाला जगव. तुझा न्याय आपल्या डोळ्यांनी बघेपर्यंत याला मरू देऊ नकोस."

सुनेने भक्तिभावाने आमेन म्हटलं, मुलाने म्हटलं. काकांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी हात काढला नाही, त्यांच्या आमेनची वाट बघत उभी राहिले.