भटूकाकाला होळीपर्यंतची मुदत

आमच्या गल्लीत काही घडले की ते संध्याकाळपर्यंत नंदुरबारच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. दुसऱ्या दिवशी परत येते तेव्हा त्याला दोन शेपट्या फुटलेल्या असतात. भटूकाकाचे किस्से तर इतके हिंडून आले आहेत की काकालाही ते ओळखू येत नाहीत! मैत्रिणी म्हणतात, "शकू, तू तिथेच होतीस ना? मग सांग की!" आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून लिहून काढते. ज्यांना शेपट्यांसकट हवे असतील त्यांनी धोंडू शिंप्याच्या दुकानात जावे.

*

भटूकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आमच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होता. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच दिवशी त्याने राजीनामा दिला.

हेडमास्तरांनी तो वाचला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचला.

"कारण, चित्रे काढायची आहेत? अहो मास्तर, मग शाळेत दुसरे काय करता?"

"शाळेत सफरचंद काढायला शिकवतो, सर. दहा वर्षे झाली. पोरांनी सफरचंद पाहिलेले नाही. मीसुद्धा एकदाच पाहिले, धुळ्याला."

"मग काय आता मिरची काढणार आहात?"

"हो!" काका म्हणाला. "कसे ओळखलेत?"

*

हेडमास्तर भले गृहस्थ. त्यांनी राजीनामा ड्रॉवरमध्ये ठेवला, एक हंगामी मास्तर नेमला आणि माझ्या वडिलांना निरोप धाडला की होळीनंतरच्या सोमवारपर्यंत जागा राखून ठेवतो.

वडिलांना घरात सगळेच नाना म्हणतात. ते कचेरीत कारकून आहेत आणि कुठल्याही गोष्टीला मुदत घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी काकाला समोर बसवले.

"भटू, होळीलोंग तुले मुदत. या गावमाथून एक मानूस आपला पायवर घर येवाले पायजे, आनि म्हनाले पायजे, 'मास्तर, माले चित्र काढी दे.' बोर्ड नही. चित्र! नही उना, ते सोमवारले कोट घालीसन शाळामा जावानं."

"एकच?" काका म्हणाला.

"एक ते येऊ दे!"

काकाचा शाळेचा काळा कोट खुंटीवर होता. आई दर रविवारी तो झटकायची आणि पुन्हा तिथेच टांगायची.

*

पहिला आला तो धोंडू शिंपी. नाना आतल्या खोलीत कान टवकारून बसले. पण धोंडूला हवा होता दुकानाचा बोर्ड, वर एक सूटबूटवाला साहेब.

"साहेब नंदुरबारात कोणी पाहिला?" काका म्हणाला. "आपल्या गावचा माणूस काढतो."

आठ दिवसांनी बोर्ड तयार झाला. पांढरेशुभ्र धोतर, टोपी, मिशीवर हात, उघडी छाती. बाजाराला निघालेले लोक थांबून पाहायचे. धोंडू मात्र रडकुंडीला आला.

"मास्तर, तुन्हा मानूस झकास शे. पन धोतरले शिलाई लागस का?"

भटूकाकाने ब्रश उचलला. मग त्याने त्या माणसाला बंडी चढवली. बटणे सहा!

*

थंडीत गावाबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पडतात. ओल्या लाल मिरच्या उन्हात पसरून ठेवतात, त्या पार दूरच्या बाभळींपर्यंत. जमीन म्हणून दिसत नाही. बायका ओळीने बसून देठ खुडतात. नाकातोंडाला फडके गच्च बांधलेले, नुसते डोळे दिसतात. काका रोज तिथे जाऊन बसू लागला. रविवारी मीही जायची, माझी वही आणि रंगीत खडू घेऊन.

पहिल्या दिवशी बायकांना वाटले, सरकारी माणूस पथारी मोजायला आला. काका पेन्सिल हातात धरून, एक डोळा मिटून माप घेत होता ना! त्यांची मुकादम बनाबाई फडक्याआडून म्हणाली, "मोजा, मोजा साहेब! गया साल बी मोजीसन गयात. काय व्हयनं?"

काकाने कागद फिरवून दाखवला. बनाबाई वाकून बघत राहिली आणि ओरडली, "अय बायांनो, हाऊ ते भटू मास्तर! मन्हा पोऱ्याले सफरचंद शिकाडनारा!"

तोवर काकाचे डोळे लाल होऊन घळघळ वाहू लागले होते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "रंगमा टाकाले पानी आते डोयामाथूनच येस!"

*

पथारीचे मोठे चित्र पुरे झाले तेव्हा काकाने ते ओट्यावर उन्हात ठेवले. मिरचीचे व्यापारी हिराशेठ समोरून चालले होते. ते थांबले. ओट्याजवळ आले. धोतराचा सोगा सावरून खाली बसले आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले,

"हाऊ माल वला शे."

"शेठ, चित्र शे ते."

"चित्र शे, ते माले बी समजस. पन माल वला शे! आखो दोन दिन ऊन पायजे."

आणि निघून गेले.

काका धावत घरात आला. "नाना, तो कोपरा मी ढग आलेल्या दिवशी काढला होता! हिराशेठने ओळखला!"

"चित्र काढी दे म्हने का?"

"नही."

"मंग?" नानांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढे धरले.

*

संक्रांतीनंतर तापीकाठच्या एका गावाहून पाहुणे आले. त्यांची मुलगी काकासाठी सांगून आली होती. नानांनी चित्रांचा विषय काढायचा नाही असे घरात सगळ्यांना बजावले होते. काका पोहे खाऊन उठला आणि त्याने सरळ नदीकाठच्या केळीच्या मळ्यांचे चित्र आणून पाहुण्यांसमोर ठेवले!

मुलीचे वडील पाहू लागले. पोह्यांची बशी हातात तशीच.

"हाई आमनंच गाव शे," ते म्हणाले. मग एकदम ताडकन उभे राहिले. "आनि हाऊ बांध! मी वरीसभर सांगी ऱ्हायनू, शेजारीनी बांध सरकाडा. कोनी मानस नही! मास्तर, हाई माले द्या. मी कोर्टमा दाखाडस!"

काकाने नानांकडे पाहिले. आला ना एक माणूस?

नानांनी मान हलवली. "हाऊ पुरावा शे. चित्र नही."

लग्न जमले नाही. बांधाचे चित्र काकाने दिले नाही म्हणून!

*

आता माझा एक किस्सा. तो छोटा आहे.

हंगामी मास्तर देशावरून नवीनच आलेले. त्यांनी वर्गात 'माझे गाव' असा विषय दिला. मी पथारी काढली. पूर्ण पान लाल, वर निळी पट्टी. त्यांनी त्यावर लिहिले, "जमीन अशी तांबडी नसते. पुन्हा काढ."

मला सांगायचे होते की सर, ती जमीन नाही. पण उभी राहिले आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग घरी जाऊन पुन्हा काढले. निळी पट्टीही काढून टाकली, सगळे पान लाल केले आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या टेबलावर ठेवून पळाले!

दहापैकी शून्य मिळाले. काकाने ते पान भिंतीवर लावले. नानांनी दोन्ही चित्रे पाहिली, त्याचे आणि माझे, आणि आईला म्हणाले, "या घरमा एक पुरे!"

त्यानंतर मी नानांसमोर खडू हातात धरला नाही.

*

फाल्गुन लागला. कोणी आले नाही. बोर्डवाले आले, लग्नाच्या भिंतीवर हत्ती काढून मागणारे आले. आत्याचे यजमान आले ते सल्ला घेऊन. "चित्रेच काढायची तर मुंबईला जा. इथे काय ठेवले आहे?"

"मुंबईत मिरच्या कुठे वाळतात?" काका म्हणाला.

होळी झाली. सोमवार उजाडला. गल्लीत राख तशीच होती. नाना कोट घेऊन दारात उभे राहिले. काका पुढे आला. त्याने डावा हात बाहीत घातला.

तेवढ्यात ओट्यापाशी सहा बायका येऊन थांबल्या. मी त्यांना ओळखले नाही. एक पुढे होऊन बोलली तेव्हा आवाजावरून कळले की ही बनाबाई. तिच्या हनुवटीवर गोंदण आहे, हे मला माहीतच नव्हते!

"मास्तर, तुन्हं चित्र देखं आम्ही. शेठना माल झकास काढा तू. वला बी काढा! पन आम्हनं तोंडच नही."

"तुम्ही फडके बांधून बसता ना, बाई."

"ते कामवर. आते सोडीसन उनूत. आम्हनं तोंड काढी दे."

काकाचा डावा हात बाहीत, उजवा बाहेर. तो हळूच म्हणाला, "नाना, एक सांगेल व्हतं ना? सहा उन्यात."

नाना बायकांकडे बघत राहिले. मग काकावर खेकसले, "मंग उभा काय ऱ्हायना? त्यास्ले बसाले सतरंजी दे!" आणि त्यांनी कोट ओढून काढून घेतला.

बायकांनी सांगितले की तासाभरात पथारीवर जायचे आहे. सहा तोंडे आणि एक तास! काकाने कागद काढले, कोळसा काढला आणि इकडेतिकडे पाहिले. मग निम्मे कागद माझ्या हातात ठेवले.

"तीन तुन्ह्या, तीन मन्ह्या."

मी नानांकडे पाहिले. ते कोट हातात धरून तसेच उभे होते. टांगतही नव्हते, घडीही घालत नव्हते.

मी सतरंजीच्या कडेला बसले. समोर बनाबाई. कोळसा कागदावर टेकवला आणि मान खाली घालून बसून राहिले.

बनाबाई सतरंजीवर पुढे सरकली.

"ए पोरी, खाले काय देखस? मी आठे शे. मन्हाकडे देख!"