जे चाललंय तेच बोला

मी कल्याणला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. चालू वर्तमानकाळ शिकवायची माझी एकच रीत होती: काम करता करता तेच मोठ्याने बोलायचं. दार उघडताना ‘आय ॲम ओपनिंग द डोअर’. समोर काही घडत नसताना नुसतं वाक्य फेकलेलं मला खपत नसे. तशा मुलीला मी तासभर उभं करी. बाई खडूस आहेत, असं मुली म्हणत आणि मला ते आवडे.

दुपारी मी शेजारच्या वहिनींना त्यांच्या घरी जाऊन शिकवी. त्यांचा नवरा लढाईच्या काळात बोटीवर खलाशी म्हणून गेला, तो परतला नाही. बोटीच्या कंपनीला आपल्या हाताने पत्र लिहायचं, एवढ्यासाठी त्यांना इंग्रजी हवं होतं. डोकं तल्लख. तांदूळ निवडताना ‘आय ॲम क्लीनिंग राइस’ असं पुटपुटत. ‘वॉज’चा धडा, म्हणजे पूर्वी काय चाललं होतं ते सांगायचा, मात्र दर खेपेला पुढे ढकलत. एकदा त्यांच्या वहीत वाक्य दिसलं, ‘ही इज वॉशिंग हिज फीट.’ तो पाय धुतोय.

“तो कोण?” मी लाल पेन्सिल उचलली.

“हे,” वहिनी म्हणाल्या. “बाई, तुम्हीच सांगता ना, बघून लिहा म्हणून?”

मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. तिकडे बघायचा मला धीर झाला नाही. खूण न करताच मी वही मिटली.

पुढे त्यांचा नवरा बेपत्ता झाल्याला बारा वर्षं भरली. इतकी वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि तो गेला असं धरतात. धाकट्या दिरांनी दिवस ठरवला. त्याच दिवशी वहिनींचं कुंकू पुसायचं होतं. “नवरा असताना?” एवढंच त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. मीही गप्प बसले, त्याची आजही लाज वाटते.

सकाळी पुरुष मंडळी पुतळा घेऊन खाडीवर गेली. घरात आम्ही तिघीच, सासूबाई, वहिनी आणि मी. दहाच्या आत अग्नी द्यायचा, दहाचे ठोके पडले की कुंकू पुसायचं. सासूबाई ओला फडका घेऊन बसल्या होत्या. वहिनी भिंतीकडे तोंड करून, धडा म्हणावा तशा बोलू लागल्या. ‘दे आर पुटिंग हिम डाउन.’ ते त्याला खाली ठेवताहेत. ‘दे आर लायटिंग द फायर.’ पेटवताहेत. मग थांबल्या आणि हसल्या. ‘ही इज सिटिंग अप.’

“काय म्हणतेय गं ती?” सासूबाईंनी विचारलं. घरात इंग्रजी कळणारी मी एकटी.

“तो उठून बसतोय म्हणतायत.”

दहाचे ठोके पडले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

तासाभराने मंडळी परतली. दिरांचा चेहरा पांढराफटक. “आई, जळता जळता पुतळा उठून बसला गं. सगळ्यांनी पाहिलं.”

“दर्भ तापला की आखडतो,” भटजी म्हणाले. “त्यात काही नाही. विधी पुरा झाला.”

“मग कुंकू पुसलंस ना?” दिरांनी विचारलं.

“माझा मुलगा उठून बसला म्हणतोस आणि मला पुसायला सांगतोस?” सासूबाईंनी फडका मोरीत भिरकावला. “हिच्या कपाळाला कुणी हात लावायचा नाही.”

वहिनी दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, ‘ही इज आस्किंग फॉर वॉटर.’

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, “पाणी मागतायत ते.”

म्हातारी उठली. तांब्या भरून घेतला आणि मी उभी होते त्या दाराशी आली.

“ये रे,” ती बाहेर बघून म्हणाली. “किती उशीर केलास.”

मी दारातून बाजूला सरकले.