डांगे चौकातली पंधरा मिनिटं

गावच्या फाट्यावर ट्रॅव्हल्सची वाट बघत उभे होतो तेव्हा आमची आरोही आठ महिन्यांची होती. सोबत ज्वारीचं पोतं, मिक्सर, एक गादी आणि लेकराची झोळी. निरोप द्यायला अर्धी गल्ली आलेली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आरोहीला कडेवर घेतलं होतं आणि काही केल्या परत देईनात. "ठेव गं इला माझ्यापाशी. तिथं तुमी दोघं कामावर गेल्यावर कोण बघणार हाय? चार वर्सांची झाली की घेऊन जा." मी सगळ्यांदेखत म्हणाले, "माझं लेकरू मी बघीन," आणि पोरीला जवळजवळ ओढूनच घेतलं. माझे वडील, अण्णा, बाजूला उभे होते. एरवी चारचौघांत बोलत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "बराबर हाय तिचं. पोटासाठी चाललेत, मग पोटचं मागं टाकून कामून जावं?" मला केवढा हुरूप आला! गाडी निघाली तेव्हा आत्याबाई पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या आणि मला, खरं सांगते, जिंकल्यासारखं वाटत होतं.

गावातल्या बायांनो, तुम्ही फोनवर म्हणता, "तुझं काय बाई, तू पुण्यात राहते." कशाचं पुणं! पुणं मी इतक्या वर्षांत दोनदा बघितलं, एकदा दवाखान्यासाठी आणि एकदा लग्नासाठी. आम्ही इकडं चिंचवडजवळ, थेरगावला. दोन खोल्या, खाली शबाना भाभींचं घर, त्यांच्या नवऱ्याचं मोटरसायकलचं गॅरेज, आणि दिवसभर हॉर्न. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, तो डोंगर म्हणजे आमचा तिसरा मजला. पाण्याची घागर घेऊन चढून बघा एकदा.

आमचे हे चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत, मी चिंचवडला वायरिंगच्या कंपनीत. दोघंही कंत्राटी. शौर्य झाला तशी पंचाईत झाली. पाळणाघरात एकदा ठेवून बघितलं, तर दीड वर्षाचं पोर तिथून दुसऱ्याच लेकराच्या चपला घालून आणि कानावर चाव्याचा वण घेऊन आलं. कोण चावलं, हे तिथल्या बाईंना सांगता येईना. मग आम्ही ठरवलं की मी कायम पहिल्या शिफ्टला, सकाळी सहा ते दोन, आणि हे कायम दुसऱ्या. मी पहाटे निघायचं, ह्यांनी पोरांना उठवायचं, आरोहीला बालवाडीत सोडायचं, आणायचं. दुपारी सव्वादोनला हे दोन्ही पोरांना घेऊन डांगे चौकात येणार, मी माझ्या बसमधून उतरणार, पोरं माझ्याकडे, आणि अडीचला ह्यांची चाकणची बस. रात्री हे येईपर्यंत मी झोपलेली, म्हणून आमचा सगळा संसार त्या पंधरा मिनिटांत. त्यातही अर्धा वेळ शौर्यचा एक बूट शोधण्यात जायचा.

पोरांना वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. इतर लेकरं भातुकली खेळतात. आमची काय खेळायची माहीत आहे? आरोही खांद्याला पिशवी लावून पळत यायची, शौर्यच्या हातात बाहुली द्यायची आणि "चला, बस आली" म्हणून निघून जायची. मग तो यायचा आणि बाहुली परत तिच्याकडे. बाहुलीला कोणी घास भरवायचं नाही, कोणी झोपवायचं नाही, नुसती हातोहात फिरायची. शौर्य पहिला शब्द बोलला तो "बस". आई नाही, पप्पा नाही, बस.

कंपनीत एक वही असते. जाणारा माणूस येणाऱ्यासाठी लिहून ठेवतो की मशीन कशी आहे, काय बिघडलंय, माल किती उरलाय. तिला हँडओव्हर म्हणतात. पंधरा मिनिटांत सगळं सांगून होईना, म्हणून ह्यांनी तसलीच एक वही घरात दाराच्या खिळ्याला लटकवली. "शौर्य : जुलाब दोन. वरणभात दिला, थुंकला. आरोही : दात हलतोय, हात लावू देत नाही. दूध तापवलंय." एकदा लिहिलं होतं, "शौर्यने माझा गेटपास संडासात टाकला. काढला. धुतला. वास येतोय." मी हसून हसून बेजार, आणि हसायला सोबत कोणी नाही. एकदा सगळ्यात खाली बारीक अक्षरात होतं, "तू बरी आहेस का?" मी त्याखाली लिहिलं, "गॅस संपला."

ह्यांनी पोरांसाठी काही कमी केलं असं मी कोणाला म्हणू देणार नाही. पण बापाच्या हातची वेणी ती बापाच्या हातची. एक वर डोक्यावर, एक खाली मानेवर. एक दिवस रबर सापडेना, तर खिशातली कंपनीची केबल टाय काढली आणि पोरीच्या वेणीला करकचून आवळली. वायर बांधायची प्लॅस्टिकची पट्टी ती, एकदा आवळली की सुटतच नाही, कापावीच लागते. बालवाडीतल्या बाईंनी कात्री लावली तेव्हा पट्टीसोबत चार बोटं केसही गेले. मी भांडायला तोंड उघडलं तोवर बस आली.

पुढं त्याच बाईंचा फोन आला. "घरी सगळं ठीक आहे ना? आरोही म्हणते, मम्मी आली की पप्पा निघून जातात." मी म्हटलं, "खरं आहे, मॅडम. रोज जातात." त्या फार मायेने म्हणाल्या, "मुलांसाठी तरी जमवून घ्या. दोघं एकदा सोबत येऊन भेटा मला, रविवारी सुद्धा चालेल." आता बाईंना कसं सांगू की माझी सुट्टी गुरुवारी आणि आमच्या ह्यांची रविवारी, रविवारी मी मशीनवर असते! मी म्हटलं, "मॅडम, सोबत यायला जमलं असतं तर तुम्हाला फोन करायची वेळच आली नसती." त्यांना मी उद्धट वाटले असणार. वाटू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मला काय हवं होतं? एवढंच, की माझी लेकरं माझ्यापाशी राहावीत. फाट्यावर बोलले होते ना सगळ्यांदेखत! मग त्यासाठी झोप गेली, नवरा-बायकोचं बोलणं गेलं, तरी चालेल म्हटलं. चाललंही, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत.

त्या दिवशी शौर्यला ताप होता. दुपारी औषध घेऊन झोपला होता, म्हणून ह्यांनी त्याला उन्हात आणलं नाही. खाली भाभींच्या दाराला कुलूप. ह्यांना वाटलं, दहा मिनिटांचा प्रश्न आहे, चौकात जाऊन हिच्या हातात किल्ली देतो. आरोहीला सांगितलं, "भावाजवळ बस, मम्मी आलीच." तो उठून जिन्यात जाऊ नये म्हणून बाहेरून कुलूप लावलं. आणि नेमकं त्याच दिवशी माझ्या जागेवर येणारी बाई आली नाही. सुपरवायझर म्हणाला, "ताई, लाइन थांबवता येत नाही, फक्त अर्धा तास." त्याचा अर्धा तास दीड तासाचा झाला. आमचे फोन आत नेऊ देत नाहीत, गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावे लागतात. इकडं हे चौकात उभे. मी येईना, फोन उचलेना आणि ह्यांची बस आली. आधीच दोन खाडे झाले होते, तिसऱ्याला कंत्राटी माणसाला घरी बसवतात. ह्यांनी किल्ली चहावाल्याकडे दिली, "बायको येईलच आता," म्हणाले आणि बसमध्ये चढले.

चढले! मी आजही विचारते, कसा चढला असेल पाय? आणि लगेच स्वतःला विचारते, तू तरी लाइन सोडून कुठं आलीस? सुपरवायझरने हात बांधले नव्हते. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? नोकरी गेली असती. तेवढंच झालं असतं.

साडेतीनला लॉकर उघडला तर ह्यांचे अकरा मिस्ड कॉल आणि एक मेसेज, किल्ली चहावाल्याकडे आहे. रिक्षा केली, किल्ली घेतली, जिना कसा चढले आठवत नाही. जिन्याकडच्या आमच्या खिडकीला तोंड लावून शबाना भाभी बसलेल्या. दवाखान्यातून आल्या, वरून आवाज ऐकला, तेव्हापासून तिथंच. मला बघून म्हणाल्या, "रो मत, दोनों ठीक हैं. मी बोलत बसलेय त्यांच्याशी." कुलूप उघडलं. शौर्य गादीवर, कपाळावर आरोहीचा ओला फ्रॉक. बाजूला बिस्किटांचा चुरा, सांडलेलं पाणी. आरोही उठून उभी राहिली. साडेपाच वर्षांची पोर ती. रडली नाही, बिलगली नाही. म्हणाली, "मम्मी, शौर्यला ताप आहे. दोन बिस्किटं खाल्ली. शू एकदा केली, मी पुसली. औषधाला हात नाही लावला." एवढं सांगून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता माझी शिफ्ट सुटली ना?"

मी हो म्हटलं. ती कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

भांडायला तर वेळ हवा. आम्ही वहीत भांडलो. ह्यांनी लिहिलं, "चूक झाली." मी चार पानं लिहिली, ती इथं सांगण्यासारखी नाहीत. दोन दिवसांनी ह्यांनी लिहिलं, "आईकडं ठेवू दोघांना." मी लिहिलं, "मेले तरी नाही." रोज दूध, ताप, दात, आणि खाली तीच ओळ. मी "नाही" लिहायचे. कामावर गेले की मन घरी, एका पाळीत सतरा वायरी चुकीच्या जोडल्या. आणि आरोही? दार लावलं की म्हणायची, "किल्ली कोणाकडे आहे?" रोज. तिला दाखवावी लागायची. सोळाव्या दिवशी मीच वहीत लिहिलं, "सुट्टी टाका. गावाकडं जाऊ."

आत्याबाईंनी एक शब्द टोमण्याचा काढला असता तर बरं झालं असतं. भांडले असते, रडले असते. त्यांनी मुकाट्याने पोरांची पिशवी घेतली आणि कपडे कपाटात लावले. अण्णा भेटायला आले, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलंच नाही. शौर्य तासाभरात शेळीच्या पिल्लामागे पळायला लागला, त्याला कशाचं काय. आरोही फाट्यापर्यंत माझा हात धरून आली. रडेल म्हणून मी मन घट्ट केलं होतं. ती रडली नाही. तिने विचारलं, "मम्मी, तू किती वाजता येणार?"

म्हटलं, "दिवाळीला येणार, बाळा."

ती म्हणाली, "दिवाळी किती वाजता असते?"

शेजारच्या बाया खो खो हसल्या. "काय बाई पोरगी, पुण्याची हुशार!" मीही हसले. गाडीत बसल्यावर हे खिडकीतून बाहेर बघत राहिले, मी ह्यांच्याकडे. तासाभराने लक्षात आलं, किती दिवसांनी आम्ही असे शेजारी शेजारी बसलो होतो.

आता आम्ही दोघं एकाच शिफ्टला असतो. ह्यांच्यासोबत गरम जेवते, ह्यांचे केस पांढरे झालेले मला आता दिसले. फरशीवर काही सांडलेलं नसतं. बालवाडीच्या बाई रस्त्यात भेटल्या, दोघांना सोबत बघून म्हणाल्या, "बघा, जमलं ना शेवटी!" संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावते. शौर्य आत्याबाईंना आई म्हणतो आणि मला फोनवाली मम्मी. आरोही पुढे बसून सगळं सांगते, तो काय जेवला, किती वेळा पडला, औषध दिलं की नाही. स्वतःचं काही सांगत नाही. मी विचारलं तर म्हणते, "मी ठीक आहे," आणि फोन आजीकडे देते.

इकडं गावाहून आलेली सगळी माणसं राहत्या जागेला रूम म्हणतात. रूमवर जातो, रूमवर ये. पोरं होती तोवर हा शब्द माझ्या तोंडात कधी आला नव्हता. मला राग यायचा, लेकरं जिथं झोपतात त्याला कोणी रूम म्हणतं का? परवा पाळी सुटल्यावर नवीन लागलेल्या पोरीने विचारलं, "ताई, आता घरी का?" तिलाही कडेवरचं लेकरू आहे, ते कुठं ठेवून कामावर येते, हे मी अजून विचारलेलं नाही.

मी म्हटलं, "नाही गं. रूमवर."