नळाचा सफेदा, करंटचा पाइप

गेल्या आठवड्यात अकोल्याच्या एका दालमिलमध्ये माझी लाज निघाली... म्हणजे काढली कोणीच नाही, तेच जास्त लागलं.

मी अमरावतीचा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. तुरीला पाणी मारतात त्या शेडमध्ये वायरिंगचे लोखंडी पाइप मीच बसवले होते. आत पाणी शिरू नये म्हणून प्रत्येक जॉइंटच्या आट्यांवर नळवाल्यांसारखा सफेदा, म्हणजे ती घट्ट पांढरी पेस्ट, लावून वर सुतळी गुंडाळली. थेंब आत जाईल तर शपथ!

माझे जुने वायरमन नामदेवकाका तेव्हाच म्हणाले होते, "भाऊ, पान्याच्या नळाले हे चालते. पन इथं अर्थिंग पाइपातूनच जाते ना? सफेदा मधात आला त लोखंडाले लोखंड कसं भिडन?"

मी चार जणांसमोर हसलो. "काका, रिटायर व्हा आता." अर्थिंगची वेगळी वायरही टाकली नाही.

आणि गेल्या आठवड्यात आतली एक वायर सोलली गेली आणि करंट पाइपात उतरला. अर्थिंग धड असतं तर एमसीबी लगेच पडून लाइन बंद झाली असती. ती पडली नाही. झाडणाऱ्या शोभाताईंचा हात पाइपाला लागला आणि त्या फेकल्या गेल्या... चिकटल्या असत्या तर?

मी पोचलो तेव्हा त्या कोपराला पट्टी बांधून बसल्या होत्या. मालकांना सांगत होत्या, "माहाच हात ओला होता जी, चूक माहीच." मालकांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी गप्प बसलो. हो, बसलो!

माझ्यासोबत आलेल्या काकांनी मीटर काढला, एका जॉइंटच्या दोन्ही बाजूंना टोकं लावली. जोड चांगला असला की मीटर वाजतो. वाजला नाही. पुढचाही मुका... काका "मी सांगितलं होतं" हेही म्हणेनात.

शेवटी मीच बोललो. "ताई, चूक माझी आहे. काकांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

ताई म्हणाल्या, "मंग मी सकाळपासून सोताले शिव्या देऊन राहिली, त्या वाया गेल्या म्हना." सगळे हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवस शेड बंद ठेवली. सगळे आटे तारेच्या ब्रशने घासले, करंट जाऊ देणारी पेस्ट लावली, अर्थिंगची वेगळी वायर ओढली. काकांनी जॉइंट न् जॉइंट वाजवून बघितला. काका, तुम्ही एवढ्यात रिटायर होऊ नका हो...

शेड उघडली तेव्हा शोभाताई झाडू घेऊन दारातच थांबल्या. "हात लागला त चालन ना जी आता पाइपाले?"

मी आधी माझा हात ठेवला, आणि मग हो म्हणालो.