उतार शोधत मंडणगडपर्यंत

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मंडणगडच्या प्रवासात आमच्या गाडीचा स्टार्टर खराब झाला. ते चूक आहे. स्टार्टर चांगला होता. लेख वाचून खेडच्या एका गृहस्थांनी आपल्या गाडीचा स्टार्टर उतरवून दुरुस्तीला दिला आणि दुखणं तसंच राहिलं, असं नंतर कळलं. तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून तोच प्रवास पुन्हा सांगते.

निघालो आम्ही दोघंच, बाबा आणि मी. मंडणगडच्या पुढे एका वाडीत माझी आत्या राहते. बाबांची थोरली बहीण, घरात एकटीच. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय आणि एस.टी.त तिला उलट्या होतात. तिला गाडीत घालून रत्नागिरीला डॉक्टरांकडे आणायचं, एवढ्यासाठी हा प्रवास. बाकी बघायचं ते वाटेत.

रत्नागिरीहून पहाटे निघालात तर हातखंब्यापासून संगमेश्वरापर्यंतचा रस्ता थंडीच्या दिवसांत फार सुरेख लागतो. खड्डे आहेत, पण धुक्यात भरधाव कोणी जात नाही. चिपळूणला बाजारपेठेत उसळ-पाव खाल्ला, चहा घेतला. बाहेर येऊन बाबांनी किल्ली फिरवली, तर गाडी गप्प. पुन्हा फिरवली. एकदा बारीकसं टक् झालं, बस.

चार माणसं ढकलायला आली. त्यांतला एक म्हणाला, "मास्तर, पुढच्या वेळी बैल घेऊन या. त्याला असं मागून ढकलावं तरी लागत नाही."

"बैलाला उसळ-पाव चालतो का?" बाबांनी विचारलं. सगळे हसले आणि गाडी ढकलून सुरू झाली. जवळच्या गॅरेजवाल्याने इंजिन चालू असतानाच वाकून बघितलं आणि स्टार्टर गेला म्हणून सांगितलं. मी लेखात तेच उतरवलं.

आता गाडी बंद करायची ती उतारावरच, म्हणून त्यानंतर आमचा प्रवास उतारांच्या मर्जीने झाला. परशुराम घाटातल्या वळणावर थांबून खाली वाशिष्ठीचं पात्र जरूर बघा. आम्ही थांबलो नाही, कारण तो चढ होता. दापोलीत खाणावळ सपाटीवर. आधी बाबा जेवले, मग मी, आणि तेवढा वेळ गाडी दारात घरघरत उभी. सोलकढी चांगली होती म्हणतात बाबा. मी ती घाईत प्यायले.

आत्याचं घर रस्त्याच्या खाली, पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून. गाडी वर उतारावर, चाकांना दगड लावून ठेवली. आत्या ओटीवर नवं लुगडं नेसून बसली होती, शेजारी कपड्यांची पिशवी. भाऊ गाडी घेऊन येतोय, हे तिने सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं. मी समोर उभी राहिले तर म्हणाली, "कोण गो ही? जरा उजेडात ये."

रात्रभर बाबा विचारात होते. सकाळी म्हणाले, "आक्का, घाटात गाडी बंद पडली तर तुला उन्हात कुठे बसवू? पुढच्या खेपेला नेतो."

आत्याने पिशवी आत नेऊन ठेवली. बाहेर येऊन म्हणाली, "नेऊ नकोस. माझ्या डोळ्यांपेक्षा तुझ्या गाडीचा आजार मोठा आहे." मग मला पोह्याचे पापड बांधून दिले. गाठ मारताना तिची बोटं दोरी चाचपडत होती.

थंड गाडी त्या सकाळी पहिल्या किल्लीला सुरू झाली. याचंच जास्त वाईट वाटलं.

इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं. बाबा शाळामास्तर. चौथीपर्यंत मला त्यांनीच घरी शिकवलं, आणि त्यांचा पहिला धडा हा की पडताळल्याशिवाय बोलू नये. चिपळूणला किल्ली फिरवताना पुढचे दिवे जराही मंद झाले नव्हते. स्टार्टर अडकला असता तर त्याने वीज ओढली असती आणि दिवे मंदावले असते. म्हणजे वीज तिथवर पोचतच नसावी, असं माझ्या मनात आलं. पण खात्री नव्हती, म्हणून मी बोलले नाही.

घरी आल्यावर एका दुपारी गाडी तापवून आणली. किल्ली फिरवली, गाडी गप्प. गिअर काढलेला आहे ना, हे दोनदा बघितलं. मग एका वायरने बॅटरीची वीज थेट सॉलेनॉइडच्या, म्हणजे स्टार्टर चालू करणाऱ्या स्विचच्या, लहान टोकाला टेकवली. इंजिन लगेच सुरू झालं.

बाबा म्हणाले, "मला चिपळूणलाच वाटलं होतं, वायरीतच काहीतरी आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"खात्री नव्हती. तुला?"

"मलाही वाटलं होतं."

मी वायर काढली आणि बाबांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

उपाय लहान आहे. किल्लीपासून सॉलेनॉइडपर्यंतची वायर लांब आणि जुनी. गाडी तापली की तिच्यातून पुरेशी वीज जात नाही. म्हणून मध्ये रिले, म्हणजे थोड्याशा विजेवर चालणारा स्विच, बसवायचा. हॉर्नसाठी मिळतो तसला चालतो. किल्लीची वायर आता फक्त रिलेला जागं करते. सॉलेनॉइडला लागणारी वीज बॅटरीकडून फ्यूज लावलेल्या जाड वायरीने रिलेत येते आणि तिथून आखूड वायरीने पुढे जाते. रिलेचं उरलेलं टोक गाडीच्या पत्र्याला जोडायचं, पण रंग खरवडून. मी आधी खरवडला नव्हता, म्हणून पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. सुरुवात करण्याआधी बॅटरीची वायर सोडा.

मग भर दुपारी मांडवीच्या समुद्रकिनारी सपाटीवर गाडी उभी केली आणि किल्ली फिरवत बसलो. एकदाही अडली नाही. शेंगदाणेवाला म्हणाला, "ताई, जायचंय की नुसती घरघर करायचीय?"

एवढं काम चिपळूणला बाजारपेठेतच, चहा निवेपर्यंत झालं असतं. आत्या मागच्या सीटवर बसून आली असती.

परवा तिच्या वाडीतला माणूस भेटला. म्हणाला, आत्या आता पाखाडीवर पायाने चाचपून पायरी शोधते, पण गाडीबद्दल कोणी विचारलं तर म्हणते, येईल की. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आणखी चार दिवस पडताळून बघू, मग ठरवू."

प्रथमच मी त्यांना नाही म्हटलं. महाशिवरात्र बुधवारी आहे, आत्याचा उपास असतो. मी गुरुवारी पहाटे आत्याला आणायला निघते आहे.