खापरांची प्रतवारी

आमच्या गावाचं टेकाड भीमेच्या काठी, राहूपासून जवळच. वर पडका बुरूज. तो शिवकाळातला, एवढाच आमचा इतिहास. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याहून उत्खननवाले आले तेव्हा कळलं, की बुरुजाखाली जुन्या विटांची घरं आहेत, आणि त्यांच्याही खाली, राखेच्या थरांत, हजारो वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या गोल झोपड्या.

मी बारावी पास आणि बेकार. त्यामुळं खणायच्या कामाऐवजी मला खापरं धुऊन वाळवायचा मान मिळाला. प्रत्येक थराची खापरं वेगळ्या पोत्यावर पसरायची आणि थराच्या आकड्याची चिठ्ठी दगडाखाली ठेवायची. वाळल्यावर संशोधन करणाऱ्या ताई एकेका खापरावर शाईनं आकडा घालत. त्या खड्ड्यावर त्यांचा प्रबंध उभा राहणार होता.

एकदा ताई दिवसभर दौंडला गेल्या. मागं नऊ पोत्यांवर पंधरा दिवसांची खापरं वाळत पडलेली.

आता आमचं घर कांदेवाल्याचं. काही पसरलेलं दिसलं की हात आपोआप चालतात: मोठा इकडं, मध्यम तिकडं, बारकी गोल्टी पलीकडं, खराब बाहेर. तो पसारा मला बघवेना. दुपारपर्यंत मी तीन देखणे ढीग लावले. नखाएवढी खापरं बाद म्हणून बांधाकडं भिरकावली. चिठ्ठ्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून जपून खिशात घातल्या.

ताई आल्या, ढिगांकडं बघत राहिल्या.

"दादा, पाचवा थर कुठाय?"

"हाय की ताई. तिन्हीकडं थोडा थोडा हाय."

ताईंनी हाक मारली. खणणारे आबा धावत आले.

"आबा, कुठलं खापर किती खोल सापडलं, तेच तर माझं संशोधन," ताई म्हणाल्या. "आता कसं सांगू?"

आबांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बारावीला तुझ्या जागी कोन बसलं हुतं रं?"

पुढचे चार दिवस ताई ढिगांपुढं बसून होत्या. नक्षीची लाल खापरं खालच्या थरांची, झिलईची वरच्या थरांची, एवढं त्यांनी ओळखून काढलं. साधी, बिननक्षीची खापरं मात्र शेकड्यानं उरली. मी बांधावर रांगत माझी 'बाद' गोळा करत होतो. ताई मला रागावल्या नाहीत. त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काही वर्षांनी प्रबंधाची प्रत ग्रामपंचायतीत आली. सगळा इंग्रजीत. गावात वाचून कोण दाखवणार? बारावी पास! मी अडखळत पानं उलटली. आभारात आबा होते, खणणाऱ्या बाया होत्या. मी नव्हतो. सुटलो म्हणून भराभर पुढं निघालो, तर आबांनी एका तक्त्यावर बोट ठेवलं.

"ही सगळ्यात लांब पट्टी कशाची?"

"थर माहीत नसलेली खापरं, आबा."

"म्हंजी कुणाची?"

पंचायतीत सगळे माझ्याकडं बघत होते.

"माझी," मी म्हणालो.